मातीला लागलेलं कुलूप

एका राज्यात मातीलाच कुलूप लागलं होतं. आत खजिना भरलेला, पण पिकाला त्यातला कण मिळेना. राणी केवडावतीने मुजरा केला नाही, एवढ्या निमित्तावरून धूम्रकेश जादूगाराने शाप दिला होता: पीक वितीच्या वर जाणार नाही, आणि पीक वाढत नाही तोवर मूलही वाढणार नाही. झालंही तसंच. राणीची लेक वर्षानुवर्षं पाळण्यातच होती. ना दात, ना बोल, नुसती आईच्या दुधावर.

प्रधान म्हणाले, "राणीसाहेब, त्याचे पाय धरा."

"जीव गेला तरी धरणार नाही," राणी म्हणाली आणि तडक त्याच्या गुहेत गेली.

धूम्रकेश हसला. "तीन कामं कर. सडलंकुजलं स्वतःच्या हातांनी शेतात आण. पाताळातल्या गांडूळराजाला वर बोलाव. मग सूर्य बुडायच्या आत रोपाला जेवू घाल. चुकलीस, तर लेक कायमची पाळण्यात."

राणीने पदर खोचला. शेण, पाचोळा, अख्खा उकिरडा डोक्यावरून वाहिला. दरबारी नाकाला शेला लावून बघत राहिले. राहू देत मेले! त्या वासाने गांडूळराजा आपणहून वर आला.

"राणीबाई, एवढी मेजवानी मांडल्यावर खाली कोण बसेल?" तो म्हणाला. त्याच्या प्रजेने कुजलेलं खाऊन खत केलं, माती भुसभुशीत केली.

तिसऱ्या कामाला मात्र पंचाईत झाली. राणीने पानांपाशी तूपभाताचा घास नेला, पानं हलली नाहीत. कोरड्या खताचा ढीग बुंध्याशी घातला, तर शेंडाच करपला. सूर्य कलला. धूम्रकेशाची साळुंकी बांधावरून ओरडली, "वाक, राणी! अजूनही वेळ आहे, मुजरा कर!"

"तुझ्या धन्यालाच वाकव," राणी म्हणाली.

तेवढ्यात लेक भुकेने रडली. दासीने तिला आणलं, राणीने पदराखाली घेतलं आणि ती एकदम थबकली. "अगं बाई! हिला मी घास भरवते का? पाजते! मग या रोपाला तरी दात कुठले?"

लेकीला कडेवर घेऊनच तिने मूठभर खत पाण्यात कालवलं. पानाला शिवलीही नाही. बुंध्याजवळची माती सारून ते हळूहळू मुळांशी सोडलं. केसांएवढी बारीक मुळं घटाघटा प्यायली. जमिनीखाली खडखडून कुलूप तुटलं.

धूम्रकेश धावत आला. "जेवू घाल म्हटलं होतं! तू तर पाजलंस!"

"पिणं हेच त्याचं जेवण. आईला शिकवू नकोस!"

पीक कमरेला लागलं, डोक्यावर गेलं. कडेवरची लेक जड झाली, तिचे पाय जमिनीला टेकले. जादूगाराची जादू धुरासारखी विरली आणि मागे एक किडकिडीत म्हातारा उरला.

"आई, हा कोण?" लेकीने विचारलं.

"कोणी नाही, बाळा," राणी म्हणाली, आणि इतक्या वर्षांचं रडू तिला एकदम फुटलं. त्या दिवसापासून राज्यात पीक पिकासारखं आणि पोरं पोरांसारखी वाढू लागली.