माजी अध्यक्षाचं दार

सन १९८४ चा आश्विन, दसरा. नवे पक्षाध्यक्ष आबासाहेब खर्डेकर यांनी बजावलं होतं, माजी अध्यक्ष अण्णांना सोनं द्यायला जो जाईल, त्याचं पद जाईल. तालुकाप्रमुख भिकाजी शेलार तरीही गेला. तो तुरुंगात असताना अण्णांनीच त्याचं घर जगवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत आबासाहेबांनी विचारलं, “काल म्हाताऱ्याच्या दारात कोण गेलं होतं?”

भिकाजी उठला.

“मी, साहेब. तुमच्यासाठीच गेलो.”

“माझ्यासाठी?”

“उद्या तुम्हीही माजी व्हाल. माजी अध्यक्षाच्या दारात जायची रीत आज मोडली, तर तेव्हा तुमच्याकडे कोण येईल?”

आबासाहेबांनी आपट्याची पानं मागवली. मग ते स्वतःच अण्णांच्या पाया पडायला निघाले.

भिकाजीचं ऋण फिटलं.