शिखरी आणि ताकदीची डबी

परमेश्वराने वाहनांनाही वाचा दिली होती, त्या काळची ही गोष्ट. शिखरी नावाची जीप भाविकांना देवीच्या गडावर नेत असे. वयोमानाने तिला चढावर धाप लागू लागली.

"या नवरात्रात गड चढली नाहीस, तर भंगारात घालीन," मालकाने बजावले.

शिखरी घाबरली. जत्रेतल्या विक्रेत्याने इंजिनाची ताकद दुप्पट करणारी स्वस्त डबी दाखवली. डबीत एक दिवा लुकलुकत होता. एवढा पुरावा मालकाला आणि शिखरीला पुरला, आणि डबी तिच्या इंजिनाला बसली.

शेजारचा वृद्ध ट्रॅक्टर म्हणाला, "शिखरे, तुझी हवेची जाळी धुळीने तुंबली आहे. ती झाडून घे, श्वास मोकळा होईल."

"तात्या, झाडलोट तुम्हीच करा. माझ्या अंगात आता शक्ती संचारली आहे!"

अष्टमीला भाविकांना घेऊन ती निघाली आणि पहिल्याच वळणावर बंद पडली. भाविक उतरले, "आईचा उदो उदो" म्हणत त्यांनी खांदे लावले आणि तिला गडापर्यंत ढकलत नेले. परतताना उतारावर मात्र तिचा वेग पाहण्यासारखा होता.

"पाहिलंत, तात्या?" ती खाली येताच म्हणाली. "गड चढले, आणि इंजिनाला तसूभरही श्रम नाहीत!"

तात्यांनी डोळे मिटून देवीचे नाव घेतले.

दसऱ्याला शिखरी भंगारात गेली. मालकाने नवी जीप आणली, तिला झेंडूचा हार घातला, आणि पूजा होताच शिखरीची डबी काळजीपूर्वक तिला बसवली.