दाजिबांचे स्तोत्र

एकदा एक शिष्य वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी मठातून आपल्या गावी निघाला, तेव्हा त्याच्या वृद्ध आचार्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि ‘मीही येतो’ एवढेच म्हटले. शिष्याला नवल वाटले. आचार्य कुणाच्या घरच्या कार्याला गेल्याचे त्याने बारा वर्षांत पाहिले नव्हते. आणि हे तर एका सुताराचे घर होते.

शिष्य मठात स्तोत्रपाठ शिकवत असे. त्याचे उच्चार इतके स्वच्छ की त्याचा पाठ ऐकायला लांबून लोक येत. आपण सुताराचे पुत्र आहोत हे तो लपवत नसे, पण आपण होऊन सांगतही नसे.

वडिलांचे नाव दाजिबा. गावातल्या निम्म्या घरांची दारे त्यांनी बसवलेली होती. पत्नीचे गुडघे दुखू लागले तेव्हा त्यांनी तिच्यासाठी चुलीपाशी बसायला एक चौरंग केला, आणि तिला तो उंच वाटला म्हणून दोन वेळा बोटबोटभर पाय कापून दिले. म्हातारपणी त्यांच्या आईची दृष्टी गेली, तर त्यांनी तिच्या खाटेपासून परसदारापर्यंत भिंतीला हाताच्या उंचीवर एक लाकडी कठडा ठोकला. म्हातारी शेवटपर्यंत कुणाचा हात न धरता परसात जाऊन तुळशीला पाणी घालत असे.

कुलदेवीचे एक स्तोत्र त्यांना आजोबांकडून ऐकून ऐकून पाठ झाले होते. रोज पहाटे ते म्हटल्याशिवाय त्यांनी हत्याराला हात लावला नाही. काम करतानाही तेच. मुले आजारी पडली की उशाशी बसून तेच. संस्कृत त्यांना येत नव्हते. शब्द कुठेही तुटत, ‘अभयं’च्या जागी ते ‘उभं’ म्हणत, आणि रंधा ओढताना दम घ्यावा लागे तिथे, शब्दाच्या मधोमध, श्वास घेत.

शिष्याच्या बहिणीला, अनुसयेला, मुलगी झाली. बारशाला शिष्य मठातले दोन सोबती घेऊन घरी आला होता. पाळणा दाजिबांनीच केला होता. त्याच्याशेजारी उभे राहून, सगळे पाहुणे जमलेले असताना, त्यांनी स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला सोबत्यांनी एकमेकांकडे पाहिले. शिष्याचे कान तापले.

“अण्णा, थांबा,” तो म्हणाला. “तो शब्द ‘उभं’ नाही, ‘अभयं’ आहे. देवीपुढं असं अशुद्ध म्हणू नये. मी म्हणतो, तुम्ही ऐका.”

दाजिबा थांबले. “बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “आम्ही आपलं ऐकून शिकलेलो.” मग पाळण्याची कडी घट्ट आहे की नाही ते बघत राहिले. शिष्याने स्तोत्र पुरे केले. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

त्यानंतर सहा वर्षांनी दाजिबा वारले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी दुपारी विधी आटोपले, पाने उठली आणि गावकरी अंगणात टेकले. आता शिष्य पाठ म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याने उपरणे सारखे केले. तेवढ्यात आचार्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आज मी म्हणतो,” ते म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत ते ‘उभं’ म्हणाले. गुरुजींचे वय झाले, असे शिष्याला वाटले. पुढच्या ओळीत त्यांनी एका शब्दाचे दोन तुकडे केले. मग शब्दाच्या मधोमध थांबून श्वास घेतला आणि उरलेला अर्धा शब्द पुढे ओढला. ज्यांनी त्याला एका अनुस्वारासाठी दिवसदिवसभर बसवून ठेवले होते, ते आचार्य भर अंगणात चूक करत होते, आणि एकही चूक चुकत नव्हती.

आई दारात उभी होती. तिने चौकट धरली. अनुसया भांडी घासता घासता हात तसेच ओले घेऊन बाहेर आली आणि म्हणू लागली. मग शेजारचा कुंभार, मग समोरच्या घरातली विधवा सून, मग मागे बसलेली म्हातारी माणसे. ज्यांच्या ज्यांच्या घरी दाजिबांनी काम केले होते, त्यांना ते जसेच्या तसे येत होते. श्वास घ्यायच्या ठिकाणी सारे अंगण एकदम थांबे आणि एकदम पुढे जाई.

एकट्या शिष्याला ते म्हणता येईना. त्याची जीभ शुद्ध शब्दावर जाई आणि सगळ्यांच्या मागे राही. शेवटी त्याने ओठ मिटून घेतले.

स्तोत्र संपल्यावर अनुसयेच्या सात वर्षांच्या मुलीने आईचा पदर ओढला. “हे काय होतं?”

“आजोबांचं स्तोत्र.”

“आजोबा म्हणायचे? मी कधी ऐकलं नाही.”

अनुसयेने ओले हात पदराला पुसले. तिने भावाकडे पाहिले नाही.

गावकरी गेल्यावर शिष्य आचार्यांना घरामागच्या पडवीत घेऊन गेला. तिथे दाजिबांची हत्यारे अजून भिंतीला टांगलेली होती. “गुरुजी,” त्याने विचारले, “आपण असं का म्हटलंत? आणि आपल्याला ते आलं कसं?”

आचार्य लाकडाच्या ओंडक्यावर बसले. “तुझे वडील दर वर्षी मठाची दारं-खिडक्या दुरुस्त करायला यायचे. तू पाठशाळेत असायचास. ते काम करता करता स्तोत्र म्हणायचे आणि मी जवळ बसून ऐकायचो. एका वर्षी ते आले ते मुकाट्यानं काम करू लागले. मी कारण विचारलं. म्हणाले, ‘मुलगा शिकलाय. माझं चुकतं म्हणाला. देवीला चुकीचं कशाला ऐकवायचं? आता मनात म्हणतो.’ मी खूप सांगून पाहिलं. त्यांचा तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. मग मी म्हटलं, ‘मला तरी शिकवा, तुम्ही म्हणता तसंच.’ तीन दिवस लागले. ते लाजत होते.”

आचार्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

“तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. शब्द ‘अभयं’च आहे. पण ज्या आवाजानं हे घर निजायचं आणि उठायचं, तो आवाज त्या शब्दासाठी तू बंद केलास. मी तुला अक्षर शिकवलं. ते कुणापुढे गिळायचं, हे शिकवायचं राहिलं. तेवढा दोष माझा. म्हणून ते म्हणणं मी सांभाळून ठेवलं आणि आज परत करायला आलो.”

शिष्याला त्यांच्याकडे पाहवेना. तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. आई चुलीपाशी उरलेले अन्न झाकत होती.

“आई, माझ्यामुळं अण्णा गप्प झाले.”

“हो,” ती म्हणाली. “तुझ्यामुळंच.”

त्याने वाट पाहिली. ती काही तरी पुढे बोलेल, ‘जाऊ दे’ म्हणेल, असे त्याला वाटले. तिने ताटावर ताट ठेवले.

“ते कधी रागावले नाहीत तुझ्यावर. लोकांना सांगायचे, माझ्या मुलाचं सगळं शुद्ध आहे. रागावले मी. सहा वर्षं पहाटे जाग यायची, बघायची तर ते हात जोडून उभे, ओठ हलताहेत, आवाज नाही. मी पडल्या पडल्या बघायची. तुला एकदा तरी मी बोलणार होते. त्यांनी शपथ घातली.”

“आता बोल,” तो म्हणाला.

“आता काय बोलू?” ती म्हणाली. “बस. जेवला नाहीस तू.”

तो बसला. तिने वाढले. लहानपणी शाळेतून आल्यावर जेवावे तसा तो मान खाली घालून जेवला.

पुढे तो पुष्कळ वर्षे मठात शिकवत राहिला. उच्चारांच्या बाबतीत त्याने कुणाला सूट दिली नाही. मात्र सुटीत विद्यार्थी आपापल्या घरी निघाले की तो त्यांना बसवून ही हकीकत सांगे. सांगताना त्यातल्या शिष्याचे नाव तो स्वतःचेच घेई आणि वडिलांचे नाव पूर्ण उच्चारी. पहिल्या पहिल्यांदा त्याचा आवाज मधेच अडे. मग मुले खाली बघत, आणि तो तिथून पुढे सांगे.

घरातल्या ज्या माणसाची चूक आपल्याला ऐकू येते, त्याचा आवाज अजून आपल्यापाशी आहे, एवढे ध्यानात ठेवावे.