इरावती शीव चालली

पूर्वी कृतयुगात, वेणुमती नदीच्या तीरी शाल्मल नावाचा चिमुकला देश होता. तिथला राजा केतुमान, त्याची राणी इरावती आणि त्यांची गर्भवती विधवा सून सुनंदिनी. मुलगा रणात पडलेला. वंशाचा अंकुर काय तो तिच्या उदरात.

त्या काळी सम्राट चंडविक्रमाच्या मनात आले, की पिढीजात राजांच्या सीमा मोडून पृथ्वी नव्याने वाटावी. शाल्मलाची सात गावे त्याने आपल्या मेव्हण्याला, बायकोच्या भावाला, देऊ केली. पण रीत अशी, की तिथल्या राजाने तांबडे वस्त्र नेसावे, शिवेवरचे मातीचे ढेकूळ मस्तकी घ्यावे आणि ‘हीच माझ्या पूर्वजांची सीमा’ म्हणत चालावे. त्यावाचून सीमा ठरत नसे. आणि जो खोटा चालेल, त्याचा वंश भूमाता गिळून टाकी.

"चाल, नाहीतर नगरीची राख करतो!" सम्राट गर्जला.

केतुमानाने घाईघाईने तांबडे वस्त्र नेसले. ढेकूळ मस्तकी ठेवण्याचा मान पत्नीचा. ते उचलताना निम्मी माती इरावतीच्याच पदरात सांडली.

"नाथ, सुनेच्या पोटाकडे पाहा."

"आणि नगरातल्या हजार पोटांकडे कोणी पाहायचे?" असे पुटपुटून तो नव्या सीमेने निघाला.

तिसऱ्या पावलाला ढेकूळ शिळेएवढे जड झाले. सातव्या पावलाला तो गुडघ्यापर्यंत रुतला. तोच शिवेवर उभ्या पालखीतून सून किंचाळली, "सासूबाई, बाळ हलेनासं झालं हो!"

इरावतीला तलवारीचे भय आता धाकटे, पोटातल्या त्या शांततेचे थोरले. धावत जाऊन तिने ढेकूळ आपल्या मस्तकी घेतले आणि जुन्या शिवेकडे वळली.

"बायको राज्य चालवते काय रे, म्हाताऱ्या?" मेव्हणा खदाखदा हसला.

"तुला कोणाच्या बहिणीमुळे गावे मिळतात, ते आधी सांग!" ती म्हणाली आणि भूमीला विनवू लागली. "माते, हीच माझ्या सासऱ्यांची सीमा. पतीचे खोटे मी माथी घेते. गिळायचे तर मला गिळ!"

सैनिकांनी खड्गे उपसली. मानेवर घाव आता बसेल, मग बसेल, अशी डोळे मिटून ती चालत राहिली. अकस्मात धरणी दुभंगली. नव्या सीमेच्या खुंटांसकट मेव्हण्याचा रथ पाताळात गेला आणि सम्राट अनवाणी पळाला.

भूमी वदली, "कन्ये, भ्यालीस, तरी खरे चाललीस. तुझा वंश मी अंगावर खेळवीन. पण बळाने दुसऱ्याची शीव जो सरकवील, त्याला त्या मातीत दाणा पिकणार नाही."

तो शाप अजून उतरलेला नाही. केतुमानाचे पाय मोकळे झाले, पालखीत बाळाने लाथ मारली आणि पुढल्या पौर्णिमेला सुनंदिनीला पुत्र झाला. बारशाला पाळणा कोणी हलवायचा, यावरून सातही गावांच्या बायका भांडल्या म्हणतात.