ठकू आणि अंगणावरची घरटी

घाटातून अजून गाडीरस्ता गेला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. जांभूळधोंड गावात ठकू नावाची धनगरीण होती. म्हशींमागे रान हिंडताना तिला झाडावरच्या हिरव्या बेडकांची सगळी रीत कळली होती. हा बेडूक पानासारखा हिरवा, बोटांमधला पडदा तांबडा, पंजे पसरून या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाणारा. मादी मागच्या पायांनी घुसळून पांढरा फेस काढते, त्यात अंडी घालते, वरून पानं ओढून घेते. हे घरटं ती पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीलाच बांधते, कारण आठवड्याभरात पिल्लं टपटप खाली पडतात.

एका पावसाळ्यात तळ्यावर एकही घरटं दिसेना. ठकू शोधत गावात आली. पाणी कधीच न साचणाऱ्या अंगणांवर, फणसाच्या फांद्यांना, फेसच फेस लोंबत होता. शंभर घरटी होती, असं म्हणतात.

ठकूचं जेवण सुटलं. ती दारोदार फिरू लागली. गावाचे प्रमुख अंता गावकर, त्यांना ती म्हणाली, "पिल्लं पडायच्या आत इथं पाणी येणार. गाव वर सड्याच्या पठारावर न्या."

"आठ पिढ्यांत इथं पाणी चढलं नाही," गावकर म्हणाले. "आणि अंथरुणाला खिळलेल्या आईला कुठं नेऊ?"

"माझ्या पाठीवर द्या."

गावकरांनी दार लावून घेतलं. ठकू रोज यायची, फेस बघायची, परत सांगायची. सहाव्या दिवशी फेस पातळ झाला. सातव्या सकाळी तिनं कुणालाच विचारलं नाही. म्हातारीला पाठीवर घेतलं आणि चढण धरली. आईला सोडवायला गावकर मागे धावले, गावकरांमागे सगळा गाव.

सड्यावर पोचतात तोच समोरचा डोंगर खचून गावाखालच्या नदीत बसला. पाणी तुंबलं, घरांच्या कौलांवर चढलं, फणसांच्या फांद्यांना लागलं. आणि त्यात घरट्यांमधून पिल्लं पडू लागली, दुपारभर पडत राहिली, असं म्हणतात.

"आई जड झाली असेल गो तुला," गावकर एवढंच बोलले.

ठकू तिथं थांबली नाही. पुढच्या गावांची अंगणं बघायला निघाली. ती कुठंच दोन दिवस टिकली नाही, आणि ती मेल्याचंही कुणी सांगत नाही.

नवं जांभूळधोंड सड्यावर आहे. दर श्रावणात एका सकाळी गावातल्या बाया म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घेऊन गावामागची टेकडी चढतात. त्या दिवशी घरच्या कर्त्याला विचारायचं नसतं.