सटवाजीची हलगी

बाळांनो, या मुलखात आगगाडीची शिटीही कोणी ऐकली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या वाघजाळीत सटवाजी नावाचा दवंडीवाला होता. पाटील सांगतील ते हलगी वाजवून गावभर ओरडायचं, हे त्याचं काम. सांगायचं तरी काय? सारा भरा, वेठीला या, अमका मेला. त्यामुळे हलगी वाजली की लोक दारं लावून घेत आणि जप्तीच्या भीतीनं बायका हंडे लपवत.

एकदा बाजारात सटवाजीनं एका फिरत्या उपदेशकाकडून येशूची गोष्ट ऐकली. तो आपल्यासाठी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. सटवाजी धावतच परतला. जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे चांगली बातमी होती, ती पोटात कशी राहावी? त्यानं हलगी बडवली. लोकांनी सवयीनं दारं लावली. एका म्हातारीनं कोंबडी पदराखाली दडवली, तर कोंबडीच ओरडली.

पाटील भडकले. हुकमाशिवाय दवंडी दिली म्हणून त्यांनी हलगी काढून घेतली आणि आपल्या ओसरीवर खुंटीला टांगली. पुन्हा ही बातमी तोंडातून काढलीस तर वर्षाचं धान्य बंद, असं बजावलं. सटवाजीच्या घरात पाच तोंडं होती. तो गप्प बसला.

त्याच साली पटकीची साथ आली आणि पाटलांचा एकुलता एक मुलगा गेला. भीतीनं कोणी त्या दाराकडे फिरकेना. सटवाजी मात्र गेला. अंगणात उभा राहून पाटलीणबाईंना म्हणाला, "आईसाहेब, आजवर ह्या दारातनं हुकूम घिऊन गेलो. आज बातमी घिऊन आलोय. मरण शेवटचं न्हाय. येशू कबरीतनं उठलाय. तुमचं लेकरू त्येच्या हाती हाय."

पाटलांनी मान वर केली. आता पोटावर पाय येणार, हे सटवाजीनं ओळखलं. पण पाटलीणबाई एवढंच म्हणाल्या, "पुन्यांदा सांग."

त्यानं पुन्हा सांगितलं. असं म्हणतात, तेव्हा खुंटीवरची हलगी आपोआप वाजू लागली आणि तिचा आवाज सात गावांत गेला. असंही म्हणतात, की त्यानंतर पटकीनं कोणी दगावलं नाही. खरंखोटं देव जाणे. पाटलांनी स्वतःच्या हातानं हलगी उतरवून सटवाजीला दिली, एवढं मात्र सगळेच सांगतात.

सटवाजीचे उपकार फिटायचे नाहीत. आजही ईस्टरच्या सकाळी चर्चच्या घंटेआधी त्याच्या नावानं हलगी निघते. वर्षभरात ज्या घरातलं कोणी गेलं असेल, त्या दारी ती आधी थांबते, मग ते घर कुठल्याही देवाला मानणारं असो. घरातली बाई म्हणेल तितक्या वेळा बातमी सांगतात. उपासनेला उशीर झाला तरी पाळकसाहेब काही बोलत नाहीत.

गेल्या ईस्टरला हलगी माझ्या दारी थांबली होती. मी चार वेळा सांगायला लावलं.