एका कंदाला पोटभर पाणी

त्या मुलखात पाणी एकाच डोहात होतं आणि डोहात मगर होती. वाळूखालीसुद्धा पाणी आहे, हे काटेरी अंगाची साळू घसा फुटेस्तोवर सांगत होती. एकाचाही विश्वास बसला नाही.

रीत ठरलेली होती. उन्हाळा लागला की प्रत्येकानं काठावर जायचं आणि अंगाचा एक तुकडा मगरीच्या तोंडात द्यायचा. आधी एक कान, पुढच्या साली दुसरा, मग शेपूट, मग पाय. तेवढ्यावर वर्षाचं पाणी. लाज कुणालाच नव्हती. उलट ज्याचं जास्त तुटलेलं, तो रांगेत पुढं.

साळूचे कान गेले होते, शेपूटही गेली होती. यंदा पायाची पाळी. पाय गेला की बीळ कसं खणायचं, कंद कसे उकरायचे? तीन पायांची साळू म्हणजे कोल्ह्याचं जेवण. उन्हाळा लागायला महिना होता. ती कोरड्या ओढ्यात उतरली आणि खणायला लागली.

"डोकं फिरलं का गं तुझं?" शेजारची भेकरीण म्हणाली. "तुझ्या आईनं पाय दिला, आजीनं दिला. तूच तेवढी शहाणी?"

"आई तीन पायांवर मेली," साळू म्हणाली. "तू जा, दे तुझी शेपूट."

पहिला खड्डा ढासळला. दुसऱ्यात दगड लागला आणि नखं मुळापासून उपटली. तिसऱ्यात ती डोक्यापर्यंत गाडली गेली. नाकातोंडात वाळू, तशीच फुरफुरत वर आली. चौथ्याच्या तळाशी ओल दिसली, मग वीतभर पाणी साठलं. वाळूतून झिरपणारं, थंडगार. झिरा लागला होता.

डोहावर रांग लागायच्या दिवशीच साळूनं सगळ्यांना सांगितलं: एक कंद आणा, पोटभर प्या. खणायचं तर पोटात काही लागतंच.

पहिली भेकरीणच आली. कंद टाकला, घटाघटा प्याली आणि मान वर करून म्हणाली, "गोड आहे गं. आणि दुखत नाही."

मग डोहावर जाणारी रांग इकडं वळली, झुंबड उडाली. पण काय म्हणावं! मगरीच्या तोंडात कान देताना कुणी ब्र काढला नव्हता. इथं कंदाची घासाघीस.

"बारका चालतो का?"

"अर्धा घे की, पिल्लूच तर पिणार आहे."

रानडुक्कर तर रिकाम्या तोंडानं आलं. "वाळूतलं पाणी, त्याला कंद कसला? पाणी काय तुझ्या बापाचं?"

"खड्डा माझा. नखंही माझीच गेलीत. आणि काय रे, पाणी कुणाच्या बापाचं, हे मगरीला विचारलंस का कधी?"

रानडुकरानं मुसंडी मारली. साळू गर्रकन फिरली आणि काटे फुलवून उलटी धडकली. चार काटे त्याच्या नाकाडात रुतले. चार थेंब वाळूत पडले आणि कान नसलेला, शेपूट नसलेला तो सगळा मेळा एका आवाजात ओरडला, "हिनं रक्त काढलं! हिनं रक्त काढलं!"

गवा पुढं झाला. त्यानं साळूला शिंगावर घेऊन दगडावर आपटलं. मागचा पाय कडकन मोडला. बाकीचे झिऱ्याच्या कडेवर चढले, प्यायलाही आणि तुडवायलाही. कड खचली. भेकरीण तेव्हा पुन्हा कंद देऊन खाली वाकून पीत होती. वाळू तिच्या अंगावर आली आणि वरून गव्याचे खूर.

वाळू हलायची थांबली. तहान तर लागलेलीच होती. सगळे डोहाकडं निघाले.

साळू मोडका पाय ओढत उकरत राहिली. भेकरिणीचं तोंड हाती लागलं. ओठ अजून ओले होते. तिथून डोहाचा काठ दिसत होता. उशिरा आलेल्यांचा मगर आज सरळ पायच घेत होती आणि घासाघीस कुणीच करत नव्हतं. पहिला गवा. हाड चावल्याचा आवाज ओढ्यापर्यंत आला.

घास गिळून मगरीनं मायेनं विचारलं, "भेकरीण मेली म्हणे रे बाळा. कुणी मारलं तिला? भिऊ नकोस, नाव सांग."

तीन पायांवर तोल सावरत गवा म्हणाला, "साळू."